उपस्थिती-संवेदन

खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखून दिवे, पंखे, कूलर आपोआप चालू-बंद करण्याची पद्धत. ‘वावर-संवेदन’ हा पर्याय सुटसुटीत खरा. पण वऱ्हाडात वावर म्हणजे शेत, म्हणून येथे टाळला आहे. बोलण्यात ‘सेन्सरचा लाइट’ रूढ आहे.

उगमाबाबत मतभेद आहेत. काही जण ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टसने (इ. स. पू. सु. चौथे शतक) वर्णिलेल्या, काडीकचरा ओढणाऱ्या खड्यापर्यंत मागे जातात व तो तुरमली (टूर्मलीन हे खनिज) मानतात. त्या वर्णनात तापवण्याचा उल्लेख नसल्याने तो अंबर (झाडाच्या राळेचा अश्म) असणे अधिक संभवते. तापल्यावर राख ओढणारी तुरमली डच व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस श्रीलंकेतून युरोपात नेली. तापमान बदलल्यावर वीजभार येण्याच्या या गुणाला (उष्णता टिपणारा आजचा संवेदक यावरच चालतो) तापविद्युत् हे नाव स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरने 1824 मध्ये दिले. दुसरा पक्ष अमेरिकेतील सॅम्युएल बॅग्नो यांच्या 1950 च्या सुमाराच्या श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने हालचाल ओळखणाऱ्या) चोरघंटेपासून आरंभ धरतो. साधन म्हणून हाच वारसा जवळचा. वीजबचतीचा हेतू मात्र बहुधा 1973 च्या तेलटंचाईनंतर जडला.

आज अवरक्त (अंगातून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारा) संवेदक सर्वाधिक आढळतो. माणसाच्या अंगातून सु. 9 ते 10 मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण प्रामुख्याने निघते. संवेदकावरील खाचांच्या भिंगामुळे दृष्टिक्षेत्राचे पट्टे पडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकणारी ऊब तो टिपतो, स्थिर ऊब नाही. माणूस व भिंत यांच्या तापमानातील फरकावर सारे अवलंबून. विदर्भात गोम येते ती इथेच. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, टिनाखालच्या खोलीची भिंत अंगाइतकीच तापते आणि संवेदक मंदावतो. गावच्या अभ्यासिकेत मान खाली घालून वाचणाऱ्यावरचा पंखा बंद पडतो. त्याने हात हलवला तरी लगेच फिरेलच असे नाही. श्राव्यातीत प्रकाराला कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदाही माणूसच वाटतो. श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारा प्रकार सताड उघड्या दारांच्या खोल्यांत निरुपयोगी. वीज गेली-आली की अवरक्त संवेदकाला स्थिरावायला मिनिटभर लागतो.

बचतीचा हिशेब दिव्यावर करू नये. 9 वॉटचा एलईडी रोज चार तास वाचला तर 36 वॉट-तास; त्यांतले 12 अर्धा वॉट घेणारा संवेदकच दिवसभरात खातो. जुना 75 वॉटचा पंखा तेवढाच वेळ बंद राहिला तर 300 वाचतात.

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (2007, सुधारित 2017) 100 किलोवॉट वा अधिक जोडभाराच्या (जोडलेल्या साऱ्या उपकरणांच्या एकूण वॉटच्या) व्यापारी इमारतींसाठी आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा सहसा तिच्या कक्षेत येत नाहीत.