सरळ वाण की संकरित? घरचं बी ठेवण्याआधी एवढं बघा

जूनच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलं की सुधारित सरळ वाण (ज्याचं बी पुन्हा पेरलं तरी पीक तसंच येतं) आणि संकरित वाण (दोन वेगळ्या वाणांचा संकर करून काढलेला, म्हणजेच हायब्रिड), दोन्ही सारख्याच चकचकीत पिशव्यांत मिळतात. त्यामुळे 'पिशवीतलं बियाणं म्हणजे हायब्रिड, ते घरी ठेवून चालत नाही' हा समज घट्ट झालाय. लहान शेतकऱ्याचे त्यापायी दरवर्षी नाहक पैसे जातात, याची मला खरंच खंत वाटते.

संकरित बियाणं दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं. कपाशीच्या बीजोत्पादनात मजूर बायका संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरतात, तिचे पुंकेसर नखाने काढतात आणि सकाळी नर म्हणून निवडलेल्या दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग तिला लावतात. असं एकेक फूल! पहिली पिढी जोमदार, एकसारखी येते. तिचं बी वांझ नसतं, उगवतं. पण पुढच्या पिढीत गुण फुटतात. एक झाड उंच, दुसरं बुटकं, आणि उतारा घटतो.

सरळ वाणाचं तसं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेली गावरान बियाणी याच गटातली. त्या कामासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. पण विद्यापीठाने काढलेलं 'फुले संगम' सोयाबीनसुद्धा सरळ वाणच आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सोयाबीनमध्ये परागीभवन त्याच फुलात होतं, म्हणून घरचं बी चालतं. मात्र त्याचं साल नाजूक. मळणी हळू करावी, पोती आपटू नयेत. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवावेत. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरायला योग्य.

परसबागेत मात्र जपून. काकडी, भोपळा सरळ वाणाचे असले तरी मधमाश्या शेजारच्या वाणाचे पराग आणून मिसळतात. बी हवं असेल तर एका पिकाचा एकच वाण लावा आणि शेजाऱ्यांनाही विचारा.

विकत घेताना पिशवीवर 'संकरित', 'हायब्रिड' किंवा 'एफ-१' (संकराची पहिली पिढी) लिहिलंय का, ते वाचा. नसेल तर दुकानदाराला वाणाचं नाव सांगून सरळ आहे का, ते विचारा. घरचं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. ब्रँडच्या नावाने मात्र ते विकता येत नाही.