कॅमेरा जवळ, माणूस लांब: रिमोट शटरची पार्श्वभूमी

थंडीच्या दिवसांत पहाटे पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघायला गेलं की नदीकाठी चिखलात पोटावर पालथे पडलेले दोन-चार फोटोवाले हमखास भेटतात. अलीकडे मात्र एखादा कॅमेरा पाण्याच्या अगदी कडेला, वाळूच्या पिशवीवर एकटाच ठेवलेला असतो आणि मालक पंधरा पावलं मागे बाभळीखाली बसून मोबाईलवरून त्याचं बटण दाबत असतो. धोबी पक्षी शेपटी हलवत कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर येतो, चोच मारतो, निघून जातो. आवाज नाही, हालचाल नाही. सोबत आलेली नवी मुलं विचारतात, हे नवीन निघालंय का? फोन नवा आहे, युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

तिची खूण कॅमेऱ्यावर अजून आहे. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, किती वेळ उघडा ठेवायचा त्या आकड्यांत सगळ्यात शेवटी ‘बी’ असतो, म्हणजे बल्ब. दिव्याशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांना रबराची नळी आणि तिच्या टोकाला रबरी फुगा असे. फुगा दाबला की नळीतली हवा शटरचा खटका ढकलायची आणि फुगा दाबून धरला असेल तोवर शटर उघडं राहायचं. त्या फुग्याचं नाव बल्ब. नळी लांब केली की माणूसही लांब जाऊ शकत होता.

लांब जाण्याची गरज पक्ष्यांमुळेच पडली. तेव्हाच्या भिंगांची ओढ तोकडी होती आणि फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटांना प्रकाश भरपूर लागे. चिमणीएवढा पक्षी फोटोत नीट दिसायचा तर कॅमेरा त्याच्यापासून चार-पाच फुटांवर हवा. इतक्या जवळ माणूस असताना कुठला पक्षी बसेल? शिवाय पक्षी कुठे बसणार हेही आधी ठाऊक हवं. तो नक्की परत येईल अशी जागा एकच, त्याचं घरटं. म्हणून सुरुवातीची पक्षी छायाचित्रणाची कला जवळजवळ सगळी घरट्यापाशीच वाढली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कियर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला. पुढे पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाचं कातडं वापरून पोकळ बैल तयार केला आणि त्यात लपून फोटो काढले.

प्राण्यांच्या बाबतीत एक पाऊल पुढे पडलं. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर दोरी ताणून ठेवली. हरणाचा पाय लागला की फ्लॅश उडे आणि शटर पडे. त्यांचे रात्रीचे फोटो जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. आपल्याकडे हेच काम फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या संयुक्त प्रांतात वाघावर केलं. बंदुकीऐवजी कॅमेरा घ्या, असं ते शिकारीच्या भर जमान्यात सांगत होते. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ चं. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, हे त्यांनी अशाच फोटोंवरून दाखवलं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आजची कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने होणारी व्याघ्रगणना त्याच ओळखीवर उभी आहे. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते.

पुढे रबरी नळीऐवजी धातूची केबल रिलीज आली, सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखी. ती हात-दीड हाताची. तिचा उपयोग कॅमेरा हलू नये म्हणून, लांब बसण्यासाठी नव्हे. खरी अडचण वेगळीच होती. एक फोटो निघाला की फिल्म हाताने पुढे सरकवावी लागे आणि त्यासाठी उठून कॅमेऱ्यापाशी गेलं की पक्षी उडालाच. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्याला फिल्म आपोआप सरकवणारी मोटर जोडता येऊ लागली आणि न उठता अख्खा रोल काढणं सोपं झालं.

डिजिटलमध्ये तर सगळं तीन तारांवर आलं. एक सामाईक, एक फोकसची, एक शटरची. सामाईक तार फोकसच्या तारेला टेकली की फोकस, शटरच्या तारेला टेकली की फोटो. अडीच मिलिमीटरची पिन चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मी बुधवार पेठेतून पिन, वायर आणि दोन बटणं आणून दहा मीटरचा रिमोट घरीच जोडला होता. इन्फ्रारेड रिमोटपेक्षा तो भरवशाचा. इन्फ्रारेडचा डोळा बहुतेक कॅमेऱ्यांना पुढच्या बाजूला असतो, आपण बसतो मागे, आणि लख्ख उन्हात तो सिग्नल पकडेलच असं नाही. भिगवणला होडीत मात्र यातलं काहीच कामाचं नाही. तिथे होडी हलते, आपण हलतो, रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) चालत असतात. तिथे हातातला कॅमेरा आणि वेगवान शटर.

तोच घरी जोडलेला रिमोट घेऊन मी एका एप्रिलमध्ये सासवडकडच्या माळावर टिटवीच्या अंड्यांपासून सहा फुटांवर कॅमेरा ठेवला. मी स्वतः लांब होतो, म्हणून निर्धास्त होतो. टिटवी ओरडत गोल फिरत राहिली, अंड्यांवर बसली नाही. भर उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणून त्यांना गारवा देते. तेवढा वेळ ती चार अंडी दगडांत उघडी तापत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा वीस मिनिटं झाली होती. घरी येऊन पाहिलं तर एकूण एक फोटोत तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. म्हणजे ज्या जागेसाठी ही युक्ती जन्मली, तिथेच ती आता वापरायची नाही. आणि गरजही उरलेली नाही, कारण आजची लांब पल्ल्याची भिंगं लांबूनच घरटं दाखवतात. रिमोटची जागा आता पाणवठ्यावर, चिखलाच्या कडेला, पक्षी रोज येऊन बसतो त्या दगडासमोर.

कवडीपाटला मी उजाडण्याआधी कॅमेरा ठेवतो, आरशाचा खटका नसलेला, मूक शटरवर. पंधरा मिनिटांत पक्षी त्या बाजूला फिरकले नाहीत तर जागा चुकली असं समजून तो उचलतो. फिरकले, तर ते आपणहून उडून जाईपर्यंत जागचा हलत नाही, बॅटरी संपली तरीही.