एसी बसवताना आणि गॅस भरताना काय बघायचं : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. मार्च लागला की दुकानातला फोन थांबत नाही आणि त्यातले बरेचसे फोन एकाच सुरातले असतात, "दादा एसी थंड करत नाहीये, गॅस संपला असेल, येऊन भरून द्या ना". म्हणून सगळ्यात आधी तेच सांगून टाकतो. एसीचा गॅस संपत नाही. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही, कॉपरच्या पाइपातून आत-बाहेर फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, आउटडोअरला म्हणजे घराबाहेरच्या युनिटला नेऊन टाकतो आणि परत येतो. सगळं बंद सर्किट आहे. जॉइंट आणि कॉइल धड असेल तर कंपनीतून भरून आलेला गॅस मशीन भंगारात जाईपर्यंत पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून गॅस मारला तर तोही त्याच वाटेने जाणार, पैसे तुमचे. दरवर्षी सर्व्हिसिंगला येऊन "थोडा टॉप-अप करून देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की आधीचा गेला कुठे.

आता गळती होते कशामुळे, तर बहुतेक वेळा फिटिंगच्या दिवशीच्या घाईमुळे. म्हणून खाली जे लिहिलंय ते वाचा आणि फिटिंगला कुणीही येवो, आमचा माणूस असो नाहीतर दुसऱ्या कुणाचा, समोर उभं राहून बघा. आम्हाला राग येत नाही, उलट चहा मिळाला तर बरं.

जागा आणि टन

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं माप), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. दहा बाय बाराच्या बेडरूमला एक टन बहुधा पुरतो, पण वर स्लॅब तापणारा शेवटचा मजला असेल किंवा पश्चिमेची भिंत दुपारभर उन्हात असेल तर दीड टनाचाच विचार करा. नाशिकचा एप्रिल आता पूर्वीचा राहिलेला नाही, चाळिशी ओलांडतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

आउटडोअर युनिटला मोकळी हवा लागते. बाल्कनीच्या कोपऱ्यात कोंबून पुढे ग्रिल आणि ग्रिलवर गोधड्या वाळत, असं असेल तर तीच गरम हवा परत आत ओढली जाते आणि बिल वाढतं. भिंतीला स्टँड लावताना अँकर बोल्टच हवेत, लाकडी गुट्टी ठोकून स्क्रू मारलेला स्टँड आम्ही लावत नाही, तीस-पस्तीस किलोचं धूड तिसऱ्या मजल्यावरून खाली आलं तर काय होईल याचा विचार करा. आणि जागा अशी निवडा की पुढे सर्व्हिसला माणूस तिथे सुरक्षित उभा राहू शकेल, कारण खिडकीबाहेर लोंबकळून काम करायला आम्ही पोरांना पाठवत नाही.

पाइप आणि जॉइंट

दीड टनाला बहुतेक मॉडेलमध्ये पाव इंच आणि अर्धा इंच अशा दोन कॉपर पाइप असतात, बारीक पाइपातून लिक्विड जातं आणि जाड्या पाइपातून गॅस परत येतो. दोन्हीला वेगवेगळं इन्सुलेशन हवं, एकात गुंडाळून चालत नाही. पाइपची टोकं फुलवून म्हणजे फ्लेअर करून नट आवळतात आणि गळती बहुतेक वेळा इथेच होते. कापल्यावर कडेला राहिलेली कोर नीट काढली नाही, फ्लेअर वाकडा झाला, किंवा नट फारच जोर लावून आवळला आणि कॉपर चिरलं, की झालं. कमी आवळणं जितकं वाईट तितकंच जास्त आवळणं. त्यासाठी टॉर्कचा पाना असतो, पाव इंची नटला साधारण १४ ते १८ न्यूटन मीटर, अर्ध्या इंचीला ५० ते ६० च्या आसपास. पान्याला "क्लिक" झालं की थांबायचं.

नवीन फ्लॅट घेताय आणि बिल्डरने भिंतीत कॉपर आधीच टाकून दिलंय का? मग हे जरूर वाचा. प्लास्टर व्हायच्या आधी त्या पाइपात नायट्रोजन भरून प्रेशर ठेवायला सांगा आणि रात्रभर गेजचा म्हणजे प्रेशर मापकाचा काटा हलत नाही ना ते बघा (रात्री गारवा आला की किंचित खाली येतो, सकाळी ऊन आलं की परत वर, तेवढं चालतं). एकदा टाइल्स आणि पीओपी झाल्यावर आत खिळा लागलेला पाइप सापडला तर भिंत फोडण्यापलीकडे फारसा उपाय उरत नाही. टोकं उघडी टाकलेली असतील तर आत सिमेंटची धूळ, पाणी, मुंग्या काहीही असू शकतं. आणि जुना आर-२२ चा एसी काढून आर-३२ चा बसवताय (ही एसीतल्या गॅसची नावं) तर शक्यतो पाइप नवीनच घ्या. नव्या गॅसचं प्रेशर दीडपटीहून जास्त असतं आणि जुन्या पाइपात राहिलेलं तेल नव्या कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) तेलाशी जुळत नाही.

व्हॅक्युम, इथे जरा थांबा

नवीन एसीचा गॅस आउटडोअरमध्ये भरूनच येतो, व्हॉल्व बंद असतात. पण आपण जोडलेल्या पाइपात आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये हवा असते, हवेत ओलावा असतो, आणि ती काढल्याशिवाय व्हॉल्व उघडायचा नसतो. काढायची कशी तर व्हॅक्युम पंपाने. पंप आतलं प्रेशर इतकं खाली नेतो की पाइपात चिकटलेलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. बाहेरच्या हवेचं प्रेशर साधारण ७,६०,००० मायक्रॉन (व्हॅक्युम मोजायचं बारीक माप), ते ५०० मायक्रॉनच्या खाली आणायचं. साध्या गेजचा काटा त्याच्या खूप आधीच तळाला टेकतो त्यामुळे "काटा टेकला, झालं" याला अर्थ नाही, मायक्रॉन गेज लागतं. मग पंप बंद करून दहा मिनिटं बघायचं. आकडा चढतच राहिला तर कुठेतरी लीक आहे, थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे, पंप परत चालू करायचा. हे सगळं धरून अर्धा-पाऊण तास जातो.

तो वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ जण काय करतात तर आउटडोअरचा व्हॉल्व थोडासा उघडून मशीनमधल्याच गॅसने हवा ढकलून बाहेर काढतात, दुसऱ्या बाजूचा नट सैल करून, फुस्स आवाज झाला की नट आवळला. दोन मिनिटांचं काम. यात तुमचा मोजून आलेला गॅस कमी होतो, ओल आतच राहते आणि आर-३२ असेल तर पेट घेऊ शकणारा गॅस माणसाच्या तोंडासमोर सोडला जातो. ओल राहिली की कॉम्प्रेसरचं तेल ती शोषून घेतं, हळूहळू ॲसिड तयार होतं, ते आतल्या मोटरचं वाइंडिंग म्हणजे तारांची गुंडाळी खातं. एसी पहिल्या दिवशी मस्त थंड करतो त्यामुळे कुणाला कळतच नाही, आणि काही वर्षांनी कॉम्प्रेसर गेला की म्हणायचं "कंपनीचा माल आता पूर्वीसारखा राहिला नाही".

तर फिटिंगवाल्याकडे व्हॅक्युम पंप आहे का हे फोनवरच विचारा. नसेल तर फिटिंग स्वस्त का होतं त्याचं उत्तर मिळालं.

गॅस भरणे, म्हणजे वजन करून

लीक सापडला, दुरुस्त केला, नायट्रोजनने तपासला, व्हॅक्युम झाला, त्यानंतर गॅस. किती भरायचा ते आउटडोअरच्या प्लेटवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. सिलिंडर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर ठेवायचा आणि तेवढे ग्रॅम मोजून सोडायचे, बस. वजनकाट्याशिवाय गॅस भरणाऱ्याला आम्ही तरी अंदाजपंचेच म्हणतो.

पूर्वी आर-२२ च्या साध्या मशीनला जाड्या पाइपच्या लो प्रेशरच्या बाजूला गेजवर ६५-७० पीएसआय (प्रेशरचं माप) दिसलं की मेकॅनिक खुश व्हायचा आणि ते बऱ्यापैकी चालायचंही. आर-३२ आणि आर-४१०ए ला तीच बाजू ११० ते १५० च्या दरम्यान कुठेही असू शकते, बाहेर ऊन किती, खोली किती तापलेली यावर अवलंबून, आणि इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसर स्वतःचा स्पीड सारखा बदलत असतो त्यामुळे गेजचा काटाही नाचत असतो. त्या नाचणाऱ्या काट्याकडे बघून गॅस भरला तर जास्तच भरला जाण्याची शक्यता मोठी, आणि जास्त गॅस म्हणजे जास्त थंड असं नसतं बरं का, प्रेशर वाढतं, बिल वाढतं, थंडावा कमी होतो.

पाइप लांब असेल तर थोडा वाढीव गॅस लागतो. छापलेलं वजन ठराविक लांबीपर्यंतचं असतं, कुठे ५ मीटर कुठे साडेसात, पुढे दर मीटरला साधारण १५-२० ग्रॅम, नक्की आकडा मॉडेलच्या पुस्तकात असतो, म्हणून ते पुस्तक रद्दीत देऊ नका. वाढवलेले ग्रॅम आम्ही आउटडोअरवर मार्करने लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला कळायला.

एका गॅसच्या मशीनमध्ये दुसरा गॅस चालत नाही. आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून बाद होत चाललाय, जुन्या मशीनवाल्यांना महाग पडतो हे खरं, पण म्हणून त्यात आर-३२ घालून द्या असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा, ते मशीन त्या प्रेशरसाठी आणि पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलंच नाही. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, गळती झाली असेल तर उरलेला काढून पूर्ण नव्याने भरणं चांगलं. काही मशीनमध्ये आर-२९० असतो, तो म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच घरातला, तिथे त्याचं ट्रेनिंग झालेलाच माणूस बोलवा. उरलेला गॅस गच्चीत हवेत सोडायचा नसतो, आर-३२ सुद्धा कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमान वाढवतो आणि आर-४१०ए दोन हजार पटीहून जास्त. आम्ही तो रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढतो, त्याचे वेगळे पैसे बिलात दिसतील.

हॉट अँड कोल्ड घ्यावा का

हाच तो हीट पंप. आत एक चार तोंडांचा व्हॉल्व असतो, तो गॅसची दिशा उलटवतो आणि मग बाहेरची उष्णता आत यायला लागते. साध्या हीटरला एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते, याला आपल्याकडच्या थंडीत साधारण तीनच्या आसपास. मुंबईत याची गरज नाही, पण निफाड-दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर विचार करण्यासारखा आहे. पहाटे मधेच गरम हवा बंद होऊन आउटडोअरमधून वाफ निघाली तर घाबरून फोन करू नका, तो कॉइलवरचा बर्फ वितळवतोय, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. आणि हीटिंगवर असताना कुणाला जाड्या पाइपला लो प्रेशरचा गेज लावू देऊ नका, त्यावेळी ती हाय प्रेशरची बाजू झालेली असते.

वीज, पाणी, शिफ्टिंग

दीड टनाला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग, एक्स्टेंशन बोर्डवर एसी लावणार नाही. ड्रेन पाइपला सलग उतार हवा, मधे पोट पडलं की पाणी थेट बेडवर. घर बदलताना पंप डाउन करून सगळा गॅस आउटडोअरमध्ये बंद करून न्यायचा असतो, मात्र नट सोडण्याआधी कॉम्प्रेसर बंद झालाच पाहिजे. चालू कॉम्प्रेसरने हवा आत ओढली तर आत तेल आणि हवेचं मिश्रण दाबलं जाऊन स्फोट होऊ शकतो, असे अपघात झालेले आहेत.

फोन करायच्या आधी

फिल्टर धुवा. खरंच. फिल्टर तुंबला तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि लोक गॅस कमी झाला समजतात. धुऊन लावल्यावर १६-१८ वर सेट करून पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि साध्या थर्मामीटरने वरून आत जाणारी हवा आणि खालून बाहेर येणारी हवा मोजा, ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस बहुतेक ठीक आहे. फरक कमी असेल तर आउटडोअरच्या प्लेटचा फोटो, इनडोअरवर एरर दिसत असेल तर त्याचा फोटो आणि आधी कुणी कधी गॅस भरला होता ते व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे योग्य सिलिंडर आणि नायट्रोजन घेऊनच निघता येतं. एप्रिल-मे मध्ये दोन-तीन दिवस थांबावं लागू शकतं, फेब्रुवारीत सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी येतो.