शाळेचा खर्च कोणी उचलायचा?

अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाचा आकडा दरवर्षी भलामोठा दिसतो, आणि तरीही विनाअनुदानित शाळांचे शिक्षक अधूनमधून आझाद मैदानावर बसलेले असतात. हे कोडं बरंच जुनं आहे.

1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आणली. पाठोपाठ 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा, म्हणजे लोकल फंड, वसूल होऊ लागला. त्यातला एक तृतीयांश हिस्सा शाळांचा. पैसा शेतकऱ्याचा, मग शिकतंय कोण? 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी यावरच बोट ठेवलं: महसूल रयतेच्या घामाचा, आणि सरकार तो उधळतंय वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. सरकारी जमाखर्चाची इतकी रोखठोक झाडाझडती नंतर फारशी कुणी घेतली नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात पडलं. खर्चाचा मुद्दा तिथेही आडवा आला. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून टाकलं.

पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. गावची शाळा त्यांची झाली, पण गुरुजींचा पगार राज्याच्याच तिजोरीतून. केंद्राने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली, ती अजून भाषणांतच आहे.

आज ‘2202 सर्वसाधारण शिक्षण’ या लेखाशीर्षाखालचा, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातला, बहुतेक पैसा पगारात जातो. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची सरकारी मंजुरी, ठरवते, आणि संचमान्यता ठरते पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. खडू, वीजबिल, डागडुजी यांसाठीचं वेतनेतर अनुदान तर मधली काही वर्षं बंदच होतं.

पगाराचं हे ओझं वाढू नये म्हणून या शतकाच्या सुरुवातीला सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे कधीच अनुदान न मागण्याच्या, तत्त्वावर परवानग्या दिल्या. 2009 मध्ये ‘कायम’ शब्द गेला, पण अनुदान लगेच आलं नाही. मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना ते 20, 40, 60 टक्के अशा टप्प्यांनी मिळतं. दर टप्प्याला नवा शासन निर्णय, नवी तरतूद आणि बहुतेकदा नवं आंदोलन.