अमेरिकी टेरिटऱ्यांचे लिफाफे आणि टपालशिक्के

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एखादा भूभाग राज्य होण्यापूर्वी ‘टेरिटरी’ म्हणून केंद्र सरकारच्या अखत्यारीत असताना तेथील टपाल कार्यालयांतून गेलेली पत्रे, लिफाफे आणि त्यांवरचे शिक्के जमवण्याचा व अभ्यासण्याचा छंद. संग्राहक अशा संपूर्ण लिफाफ्याला ‘कव्हर’ म्हणतात. पत्ता, तिकीट, शिक्का, दराचा आकडा आणि पत्र मिळाल्यावर कोणी केलेली नोंद हे सगळे एकाच कागदावर जसेच्या तसे राहिलेले असणे हेच कव्हरचे मोल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य संग्राहकांनी लिफाफ्यांवरची तिकिटे कापून अल्बममध्ये चिकटवली आणि लिफाफे फेकून दिले. या विषयाचे त्याहून मोठे नुकसान आग, पूर किंवा वाळवी यांपैकी कोणीही केलेले नाही.

टेरिटरीची व्यवस्था १७८७च्या वायव्य अध्यादेशातून आली. तेथील गव्हर्नर व न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमत. रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नसे आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्यांचा प्रतिनिधी बसला तरी त्याला मतदान करता येत नसे. लोकसंख्या वाढली आणि राज्यघटना मंजूर झाली की त्या भागाला राज्य म्हणून प्रवेश मिळे. हा काळ कोठे छोटा, तर कोठे फार लांबला. नेवाडा १८६१ ते १८६४ इतकाच काळ टेरिटरी होता, तर न्यू मेक्सिको १८५० पासून १९१२ पर्यंत. कॅलिफोर्निया टेरिटरी कधी झालाच नाही, तो १८५० मध्ये थेट राज्य झाला. त्यामुळे सोन्याच्या शोधाची सर्वांत गाजलेली पत्रे ज्या भूमीतून आली, ती या संग्रहात काटेकोरपणे बसत नाही.

शिक्क्यांचे रूप टपाल कार्यालयाच्या उत्पन्नावर अवलंबून असे. बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्या कार्यालयाला खात्याकडून शिक्के मिळत. लहान गावच्या पोस्टमास्तरला ते स्वतःच्या पैशाने घ्यावे लागत, नाहीतर गावाचे नाव आणि तारीख शाईने हाताने लिहावी लागे. त्यामुळे खाणवस्त्या, किल्ले आणि गाडीमार्गावरचे थांबे यांचे सुरुवातीचे शिक्के बहुतांशी हस्तलिखितच आहेत. अनेकदा पोस्टमास्तर हा दुकानदार किंवा खानावळवाला असे आणि टपालाचे काम जोडधंदा म्हणून करी. तिकिटावर मारायचा ठसा काही जण बुचावर चाकूने कोरून तयार करीत. त्यात तारे, चक्रे, अक्षरे, क्वचित मानवी चेहरेही सापडतात. १८७० आणि १८८० च्या दशकांत गावाच्या नावाबरोबर परगण्याचे आणि पोस्टमास्तरचेही नाव असलेले शिक्के निघाले. ते खासगी कारखानदारांकडून मागवलेले असत. गावोगावच्या पोस्टमास्तरांनी स्वखर्चाने आपले नाव कोरून घेतल्याने त्या नावांवरून सरकारी नेमणुकांच्या नोंदवह्यांशी मेळ घालता येतो.

या काळातल्या बऱ्याच शिक्क्यांत दिवस आणि महिना असतो, पण वर्ष नसते. त्यामुळे कव्हर वाचणे म्हणजे प्रथम वर्ष ठरवणे. आत पत्र असले तर काम सोपे. नसले तर मिळाल्याची तारीख पाठीवर किंवा कडेला लिहून ठेवण्याच्या तेव्हाच्या सवयीचा उपयोग होतो. तेही नसेल तर तिकीट बोलते. १८५१चे तीन सेंटचे तिकीट आधी कडांना छिद्रे नसलेले होते, १८५७ पासून छिद्रांचे आले. यादवी युद्ध सुरू झाल्यावर १८६१ मध्ये जुनी तिकिटे बाद करून नवी काढली गेली, कारण फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या टपाल कार्यालयांत जुन्या तिकिटांचा मोठा साठा अडकला होता.

वर्ष इतके महत्त्वाचे ठरण्याचे कारण सरहद्दींत आहे. गाव जागचे हलत नसे, टेरिटरी मात्र त्याच्यावरून सरकत राही. सध्याच्या वायोमिंगमधील फोर्ट लॅरमी हे याचे उत्तम उदाहरण. ओरेगनकडे जाणाऱ्या वाटेवरील या लष्करी ठाण्यात १८५० मध्ये टपाल कार्यालय सुरू झाले, तेव्हा तो प्रदेश कोणत्याच टेरिटरीत नव्हता. १८५४ मध्ये तो नेब्रास्का टेरिटरीत गेला, मार्च १८६३ मध्ये आयडाहो टेरिटरीत, मे १८६४ मध्ये डकोटा टेरिटरीत आणि जुलै १८६८ मध्ये वायोमिंग टेरिटरीत. १८९० मध्ये वायोमिंग राज्य झाले त्याच वर्षी लष्कराने ठाणे सोडले. फोर्ट लॅरमी आयडाहोत होते ते जेमतेम पंधरा महिने. त्या मुदतीतले पत्र आणि १८६६चे पत्र वरवर सारखेच दिसेल, पण पहिले आयडाहोच्या संग्रहात जाईल आणि दुसरे डकोटाच्या.

मोंटाना राज्यातील बॅनॅक येथे जुलै १८६२ मध्ये सोने सापडले तेव्हा ती वस्ती डकोटा टेरिटरीत होती, पुढच्या वर्षी आयडाहोत आणि १८६४ मध्ये मोंटानात. तेथून जवळच आल्डर गल्च या घळीत २६ मे १८६३ रोजी सोने मिळाले व व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. मोंटाना टेरिटरीच्या कायद्याची तारीख २६ मे १८६४, म्हणजे बरोबर एका वर्षाने. लुइस्टन १८६१ मध्ये वसले ते वॉशिंग्टन टेरिटरीत, १८६३ मध्ये ते आयडाहोत आले. शायेन रेल्वेबरोबर १८६७ मध्ये उभे राहिले ते डकोटात आणि पुढच्याच वर्षी वायोमिंगचे झाले.

कोलोरॅडोची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८५९ मध्ये ‘पाइक्स पीक’ या शिखराच्या नावाने गाजलेल्या सोन्यासाठी लोंढे आले तेव्हा आजचे कोलोरॅडो चार टेरिटऱ्यांत विभागलेले होते. डेन्व्हर कॅन्ससमध्ये, चाळिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेचे बोल्डर नेब्रास्कामध्ये, पर्वतापलीकडचे ब्रेकनरिज यूटामध्ये आणि दक्षिणेचा फोर्ट गारलंड न्यू मेक्सिकोमध्ये. त्यातच खाणवाल्यांनी स्वतःच ‘जेफरसन टेरिटरी’ स्थापन केली होती, पण काँग्रेसने तिला मान्यता दिली नाही. २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस राज्य झाले तेव्हा त्याची पश्चिम सीमा पूर्वेकडे सरकवून आखली गेली आणि २८ फेब्रुवारीला कोलोरॅडो टेरिटरी होईपर्यंत डेन्व्हर कोणत्याच टेरिटरीत नव्हते. त्या महिन्याभरातले डेन्व्हरचे कव्हर कोणत्या पानावर लावायचे, हा संग्राहकांच्या वादाचा विषय आहे. माझ्या मते ते स्वतंत्र पानावरच असावे. वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला म्हणून डोंगरातला शिक्का त्याच दिवशी बदलत नसे. बातमी पोहोचायला आणि नवा शिक्का यायला वेळ लागे, तोवर जुनाच चाले. अशा ‘मागे राहिलेल्या’ शिक्क्यांना अभ्यासक विशेष मान देतात आणि तो योग्यच आहे.

नवशिक्याची फसगत बहुधा आद्याक्षरांवर होते. ‘एम. टी.’ म्हणजे मिनेसोटा किंवा मोंटाना, ‘एन. टी.’ म्हणजे नेब्रास्का किंवा नेवाडा, ‘ओ. टी.’ म्हणजे ओरेगन किंवा ओक्लाहोमा. ‘डब्ल्यू. टी.’ विस्कॉन्सिन, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या तिघांनी वापरले, ‘आय. टी.’ आयोवा, आयडाहो आणि इंडियन टेरिटरी यांनी. मिनेसोटा १८५८ मध्ये राज्य झाले आणि मोंटाना टेरिटरी १८६४ मध्ये आली, म्हणून वर्ष कळले की ही जोडी सुटते. वॉशिंग्टन आणि वायोमिंग मात्र दोन दशके एकाच वेळी टेरिटरी होते. तेथे गावाचे नावच तपासावे लागते.

पत्र कोणत्या वाटेने गेले यावरून त्याचा दर आणि वेग ठरे. १८४७ ते १८५१ या काळात पूर्वेकडून पॅसिफिक किनाऱ्यावर पत्र पाठवण्यास ४० सेंट पडत. १ जुलै १८५१ पासून आगाऊ भरलेल्या पत्राला ३,००० मैलांपर्यंत ३ सेंट आणि त्यापुढे ६ सेंट असा दर झाला. १८५५ मध्ये दूरचा दर १० सेंट करून आगाऊ भरणा सक्तीचा केला गेला. १८६१ मध्ये रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पत्राला अंतर कितीही असो १० सेंट ठरले, आणि १ जुलै १८६३ पासून देशभर सरसकट ३ सेंट. या आकड्यांमागे माणसांचे हाल आहेत. १८५० मध्ये सॅम्युएल वुडसनने मिसूरीतील इंडिपेंडन्स ते सॉल्ट लेक सिटी असे महिन्यातून एकदा टपाल नेण्याचा ठेका वर्षाला १९,५०० डॉलरला घेतला. सुमारे १,२०० मैलांचा तो प्रवास महिनाभराचा होता आणि हिवाळ्यात बर्फात अडकून टपाल आठवडेच्या आठवडे पडून राही. सॉल्ट लेकहून पश्चिमेला सॅक्रामेंटोपर्यंतचा ठेका १८५१ मध्ये जॉर्ज चॉर्पेनिंग आणि ॲब्सलम वुडवर्ड यांच्याकडे आला. त्याच वर्षी वाटेत हल्ला होऊन वुडवर्ड मारला गेला.

दक्षिणेची वाट जॉन बटरफिल्डची. सप्टेंबर १८५८ पासून आठवड्यातून दोनदा त्याच्या घोडागाड्या मिसूरीहून फोर्ट स्मिथ, एल पासो, टूसान आणि फोर्ट यूमा असा वळसा घेत सॅन फ्रान्सिस्कोला जात. मुदत पंचवीस दिवसांची होती आणि सरकार त्यासाठी वर्षाला सहा लाख डॉलर देई. टूसान तेव्हा न्यू मेक्सिको टेरिटरीत होते, कारण ॲरिझोना टेरिटरी १८६३ मध्ये झाली. १८६१ मध्ये टेक्सास फुटल्यावर हे टपाल सॉल्ट लेक सिटीवरून जाणाऱ्या मधल्या मार्गावर हलवले गेले. त्या मधल्या मार्गावर एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ घोडेस्वारांकरवी पत्रे नेणारी पोनी एक्स्प्रेस धावत होती. अर्ध्या औंसाला सुरुवातीला पाच डॉलर दर होता आणि सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो अंतर सुमारे दहा दिवसांत कापले जाई. तारायंत्राची तार जोडली गेल्यावर पोनी एक्स्प्रेस बंद पडली. पोनीची कव्हरे लिलावांत झळकतात, पण त्यांतली बहुतेक पत्रे दोन टोकांच्या व्यापाऱ्यांची आहेत. टेरिटरीच्या अभ्यासकाला अधिक हवे असते ते मध्येच, सॉल्ट लेक सिटीत, थैलीत पडलेले पत्र.

खाणीत सरकारी टपाल पोहोचण्याआधी खासगी एक्स्प्रेस कंपन्या पोहोचत. डेन्व्हरला १८५९ मध्ये लेव्हनवर्थ अँड पाइक्स पीक एक्स्प्रेस प्रत्येक पत्रामागे २५ सेंट घेई. १८५२च्या कायद्याने अशा कंपन्यांना पत्रे नेण्याची मुभा दिली, मात्र पत्र तिकीट छापलेल्या सरकारी लिफाफ्यात असले पाहिजे ही अट होती. वेल्स फार्गोने अशा लिफाफ्यांवर स्वतःचा मजकूर छापून घेतला आणि १८९५ पर्यंत पत्रे वाहिली. सरकारी दर भरूनही लोक या कंपन्यांना वर पैसे देत, यातच तेव्हाच्या सरकारी टपालाबद्दलचे जनमत दिसते.

यूटा टेरिटरीची कव्हरे वेगळी उल्लेखिली पाहिजेत. १८६८ पर्यंत राजधानीचे नाव ‘ग्रेट सॉल्ट लेक सिटी’ होते आणि शिक्क्यातही ते पूर्ण नाव दिसते. १८५७-५८ मध्ये यूटात वसलेल्या मॉर्मन पंथीयांविरुद्ध पाठवलेल्या सैन्याने कॅम्प फ्लॉइड ही छावणी उभारली. ज्या युद्धमंत्र्याचे नाव तिला दिले तो दक्षिणेला सहानुभूती दाखवू लागल्यावर १८६१ मध्ये ती फोर्ट क्रिटेंडन झाली. सैनिकांनी तेथून घरी पाठवलेली पत्रे वाळवंटातल्या कंटाळ्याची आणि उकाड्याची साक्ष देतात. कॅन्ससमधील लॉरेन्स आणि लेकॉम्प्टन यांची कव्हरेही मजकुरासकट मिळाली तर अमूल्य. गुलामगिरीच्या प्रश्नावर तेथे रक्त सांडत होते आणि ही दोन गावे विरुद्ध बाजूंची होती.

हे सारे शिक्के ज्या भूमीवर उमटले ती रिकामी नव्हती. ब्लॅक हिल्स १८६८च्या फोर्ट लॅरमी तहाने लकोटा या मूळ रहिवाशांकडे राहिले होते. १८७४ मध्ये तेथे सोने सापडल्यावर तह मोडून खाणवाले घुसले, आणि तेथील डेडवूड या खाणगावाचे डकोटा टेरिटरीतील शिक्के हे त्या घुसखोरीचेच कागद आहेत. संग्रहाच्या पानावर हे लिहिलेच पाहिजे. इंडियन टेरिटरी तर इतरांसारखी रीतसर संघटित टेरिटरी कधीच नव्हती. पूर्वेकडून हाकलून लावलेल्या चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ आणि सेमिनोल राष्ट्रांची ती भूमी. तेथली सुरुवातीची टपाल कार्यालये खात्याच्या यादीत आर्कान्सॉखाली मोडत, त्यामुळे शिक्क्यात आर्कान्सॉ दिसले तरी पत्र चेरोकी राष्ट्रातले असू शकते.

किंमत आणि दुर्मीळता यांचा संबंध सरळ नाही. ॲरिझोनातील टूमस्टोन किंवा डेडवूड यांची कव्हरे नावलौकिकामुळे महाग जातात, तर दोन-तीन वर्षे चालून बंद पडलेल्या एखाद्या अनाम टपाल कार्यालयाचे एकमेव ज्ञात कव्हर कधी कधी त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळते. खरा अभ्यासक या दुसऱ्या प्रकारच्या कव्हराच्या मागे लागतो. बनावट माल भरपूर आहे आणि हस्तलिखित शिक्का खोटा करणे सर्वांत सोपे. म्हणून शाईचा जुनेपणा, त्या तारखेला लागू असलेला दर, तिकीट आणि लिफाफा या दोहोंवर सलग गेलेली शाई आणि पोस्टमास्तरचे इतरत्र सापडणारे हस्ताक्षर हे सगळे एकमेकांशी ताडून पाहतात. न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन १९४५ पासून खरेपणाची प्रमाणपत्रे देते.

या अभ्यासाचा पाया डॉ. कॅरोल चेस आणि रिचर्ड कॅबीन यांनी १७८७ ते १८८७ या शंभर वर्षांच्या टेरिटरी शिक्क्यांच्या सूचीने घातला. चेस हे १८५१च्या तीन सेंटच्या तिकिटाचे सर्वांत मोठे जाणकार होते. ते तिकीट पाहता पाहता त्यांना त्यावरचे शिक्के दिसले, असे म्हणता येईल. दुसरा मोठा आधार वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तेथे पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या नोंदवह्या आहेत, तसेच प्रत्येक नव्या टपाल कार्यालयाने भरून पाठवायचे जागेचे तपशीलपत्रक. त्यात जवळची नदी, शेजारच्या टपाल कार्यालयांची अंतरे, अपेक्षित लोकसंख्या आणि बऱ्याचदा पोस्टमास्तरने हाताने काढलेला नकाशा असतो. नकाशावरून पुसल्या गेलेल्या खाणगावांची जागा अनेकदा याच पत्रकांवरून निश्चित झाली आहे.

शेवटच्या काळातील एक साधा प्रकार अलीकडे लोकप्रिय आहे. १९०३ पासून खात्याने लहान कार्यालयांना रबरी शिक्के दिले. त्यांच्या आडव्या पट्ट्यांत एक आकडा असे आणि तो पोस्टमास्तरच्या आदल्या वर्षीच्या मोबदल्यावरून ठरे : शंभर डॉलरपर्यंत १, दोनशेपर्यंत २, याप्रमाणे. त्यांचा अभ्यास करणाऱ्या एडिथ डोन यांच्या नावाने ते ओळखले जातात. आकडा पाहताच गावाची आर्थिक स्थिती कळते. त्या वेळी मुख्य भूमीवर ओक्लाहोमा, इंडियन टेरिटरी, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना एवढेच भाग राज्य व्हायचे राहिले होते. पहिले दोन १९०७ मध्ये एक होऊन राज्य झाले, उरलेले दोन १९१२ मध्ये. अलास्का आणि हवाई १९५९ पर्यंत टेरिटरी राहिले, त्यामुळे त्यांची विमानटपालाची कव्हरेही या संग्रहात येतात आणि ती अजून आवाक्यातल्या किमतीत मिळतात.