ओव्याचा वास आणि ताटलीतलं स्वच्छ वर्तुळ

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात ओव्याची बरणी उघडली की नाकाला झोंबणारा वास येतो, तो मुख्यतः थायमॉलचा. हेच थायमॉल प्रयोगशाळेत यीस्टचा खात्मा करतं. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइडही तेच करतात.

इथलं यीस्ट म्हणजे पावाचं नव्हे, कॅन्डिडा अल्बिकन्स. ते कित्येकांच्या तोंडात, आतड्यात मुकाट राहत असतं. अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला, रक्तातली साखर चढलेली राहिली किंवा दम्याचा स्टेरॉइड इन्हेलर घेऊन चूळ भरायची राहिली, की ते डोकं वर काढतं. मग जिभेवर पांढरा थर येतो, कवळीखाली टाळू लाल होतो. बायकांना खाज सुटते, अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जातं.

वनस्पतींची चाचणी बघायला मोठी छान असते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. संशोधकांना तिथून यीस्ट मागवता येतं. ते आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, ताटलीवर सारवायचं, अर्कात भिजवलेली 6 मिलिमीटरची कागदी चकती मधोमध ठेवायची, ताटली उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी ताटलीभर सायीसारखा थर आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठं तर औषध जोरदार, असं वाटतं खरं, पण तेलं पाणीदार आगरमध्ये नीट पसरतच नाहीत. त्यामुळे चांगलं तेलही कधी छोटं वर्तुळ देतं. म्हणून द्रवात पातळ करत करत, यीस्टची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण मोजावं लागतं.

लसणीची गंमत वेगळीच. तिच्यातलं यीस्टला मारक द्रव्य म्हणजे अ‍ॅलिसिन, पण अख्ख्या पाकळीत ते जवळजवळ नसतंच; ठेचल्यावर एक एन्झाइम मोकळं होतं आणि त्यातून अ‍ॅलिसिन तयार होतं. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे अख्ख्या पाकळ्या फोडणीत परतल्या तर चव मिळते, अ‍ॅलिसिन फारसं नाही.

खरी अडचण पुढे आहे. यीस्ट हे बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जवळचं. त्याच्याही पेशीला केंद्रक असतं. मोठा फरक म्हणजे त्याच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल, आपल्यात कोलेस्टेरॉल. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध नेमकं एर्गोस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं. थायमॉल मात्र पटलच खिळखिळं करतं आणि पटल कुणाचं, हे फारसं बघत नाही. लवंगेचं तेल नुसतं हिरडीला लावलेल्यांना ती आग ठाऊक असेल. योनीमार्गात लसणीची पाकळी ठेवण्याचा सल्ला तर मला निव्वळ अघोरी वाटतो. त्याने त्वचा भाजते. शिवाय पांढरं जाणं दर वेळी यीस्टमुळेच असतं असं नाही, बॅक्टेरियामुळेही असतं. त्यामुळे आधी तपासणी, आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर साखरेचीही.

तरी संशोधक या वनस्पतींना सोडत नाहीत, कारण हाताशी औषधं मोजकीच आहेत. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून वर्णन झालेलं कॅन्डिडा ऑरिस फ्लुकोनॅझोलला सहसा दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या धोकादायक बुरशींच्या यादीत त्याला आणि अल्बिकन्सलाही सर्वांत वरच्या गटात घातलं. मला आशा वाटते ती जोडीची: प्रयोगशाळेत युजेनॉल किंवा थायमॉल सोबत असलं की काही वाणांवर फ्लुकोनॅझोलची कमी मात्राही पुरते. तेलाने भोकं पाडायची, औषधाने डागडुजी अडवायची. माणसांवर हे कितपत टिकतं, ते ताटलीत कळणारं नाही.