संगणक व सर्व्हर यांमधील रॅमवाढ

रॅमवाढ म्हणजे वापरात असलेल्या संगणकात किंवा सर्व्हरमध्ये जास्तीची अथवा अधिक क्षमतेची रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणारी तात्पुरती स्मृती, बसवणे. दुकानात ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ हा असतो. खरे तर तो शेवटी विचारायचा. त्याआधी मदरबोर्ड आणि प्रोसेसर कोणती रॅम स्वीकारतात ते पाहावे लागते, आणि त्याही आधी रॅम खरोखर कमी पडते आहे का, हे. लिनक्सवर हे तपासताना बरेच जण फसतात. तेथे ‘फ्री’ या रकान्यात फारच थोडी जागा दिसते, कारण रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरील माहितीच्या कॅशेसाठी, म्हणजे ती हाताशी ठेवण्यासाठी, वापरतो. पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’ हा. विंडोजची ३२ बिट आवृत्ती असेल, तर घरगुती संगणकात ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते.

रॅमच्या एका पिढीची स्टिक, म्हणजे चिपांची पट्टी, दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डीडीआर४ या पिढीचे मानक २०१२ मध्ये आणि डीडीआर५चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. डेस्कटॉपसाठीच्या या दोन्ही स्टिकांना २८८ पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. विद्युतदाबही १.२ व्होल्टवरून १.१ व्होल्टवर आला आहे. पातळ लॅपटॉपांत रॅम बहुधा मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते. ॲपलच्या एम मालिकेत तर ती प्रोसेसरच्या पॅकेजातच येते. तेथे जे घ्यायचे ते खरेदीच्या दिवशीच.

घरगुती संगणकाचे प्रोसेसर सहसा दोन चॅनेलांतून, म्हणजे दोन समांतर वाटांनी, रॅम वाचतात. त्यामुळे १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या, तर सगळ्या संथ स्टिकच्या वेगाने चालतात. खोक्यावर छापलेला चढा वेगही बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, त्या वेगाची तयार मांडणी (प्रोफाइल) चालू केल्याशिवाय मिळत नाही.

सर्व्हरची गोष्ट वेगळी. तेथे ईसीसी, म्हणजे चूक दुरुस्त करणारी रॅम वापरतात. डीडीआर४मध्ये ६४ बिट माहितीबरोबर ८ बिट तपासणीसाठी जातात. एका बिटची चूक दुरुस्त होते, दोन बिटांची निदान लक्षात येते. हा खर्च अनाठायी नाही. गूगलच्या सर्व्हरांवरील रॅमचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक स्टिकांत चुका आढळल्या होत्या. डीडीआर५च्या चिपमध्ये अंगभूत दुरुस्ती असते खरी, पण ती चिपच्या आतपुरतीच. प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेवर झालेली चूक तिच्या आवाक्याबाहेर राहते. जाहिरातींत हा फरक हमखास पुसला जातो.

मोठ्या सर्व्हरांत रजिस्टर्ड रॅम म्हणजे आरडीआयएमएम लागते. तिच्यावरील रजिस्टर चिप पत्ता व आज्ञा यांचे संकेत सावरून पुढे पाठवते, म्हणून एका चॅनेलवर अधिक चिप जोडता येतात. एलआरडीआयएमएम (लोड-रिड्यूस्ड) हा रॅमचा आणखी एक प्रकार माहितीचे संकेतही असेच सावरतो. साधी, रजिस्टर्ड आणि एलआर हे प्रकार एकाच सर्व्हरमध्ये मिसळत नाहीत. डीडीआर४ची रजिस्टर्ड स्टिक घरच्या मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण संगणक सुरू होत नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रॅम घेणाऱ्यांची निराशा येथेच होते. डीडीआर५मध्ये खाचच निराळी ठेवल्याने ही फसगत टळली.

सर्व्हरमधील चॅनेल समान भरणे महत्त्वाचे. एएमडीच्या २०२२ मधील एपिक ९००४ मालिकेच्या सर्व्हर प्रोसेसरांना १२ चॅनेल आहेत. चारच स्टिक लावल्या, तर उरलेली वाट बंदच राहते. उलट एका चॅनेलवर दोन स्टिक लावल्या, तर क्षमता वाढते पण वेग बहुधा उतरतो. कोणता स्लॉट आधी भरायचा याचा तक्ता उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा.

नवी रॅम बसवल्यावर मेमटेस्ट८६सारखी चाचणी रात्रभर चालवतात. सर्व्हरवर पुढेही चुकांची नोंदवही (लॉग) पाहावी लागते: एकाच स्लॉटवर दुरुस्त झालेल्या चुका वाढत चालल्या, तर सर्व्हर सुरळीत चालत असतानाच ती स्टिक बदलतात.